लांब दांड्याची मोटार

माघातली थंडी. कोयनेवरनं उठलेलं धुकं मलकापुरात शिरलं होतं. गुंडा निखाऱ्यांची पाटी घेऊन मोटारीखाली सरकला. थिजलेलं तेल पातळ झाल्याशिवाय हँडल फिरत नसे. आज पहिली फेरी होती.

लढाईत गुंडा मिसर देशात, फौजेच्या वर्कशॉपात होता. मागं त्याची आई अंबूबाई गावच्या नानासोच्या, भाड्यानं माणसं नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं लेकीकडं कडेगावाला निघाली. खिंडीचा चढ आला की नानासो समद्यांना उतरवायचा आणि रिकामी मोटार वर न्यायचा. हा रिवाजच होता. माथ्यावर थांबायचं, हाही रिवाजच. त्या दिवशी पुढची माणसं चढताच नानासो निघाला, मागं पडलेल्या अंबूबाईसाठी थांबला नाही. गुडघ्यानं अधू म्हातारी उन्हात दगडावर बसली, ती उठलीच नाही.

परतल्यावर गुंडा भांडला नाही. नानासोच्याच वाटेवर माणसं न्यायला त्यानं फौजेच्या भंगारातनं लॉरी घेतली आणि इंजिनात हवा कोंबणारा ब्लोअर. लोक त्याला भाता म्हणत.

"भात्यासंगं मोठा क्रँकबी घाल," लेथवाला बाळासो म्हणाला होता. "पिस्टनची धाव वाढंल. पयल्याच दिवशी नानासोला धूळ चारशील."

"धाव वाढली की क्रँक नि पिस्टन जोडणारा दांडा आखूड करावा लागतोय. इंजनाचा ठोकळा तर तेवढाच हाय."

"मग कर की!"

"आखूड दांडा लय तिरका पडतो. पिस्टन भिंतीला घासतो. त्यात भात्याचा जोर. दिवाळीपातूर इंजान बसंल."

"तवर तर जिंकशील न्हवं?"

"एक दिस न्हाई जिंकायचं, बाळासो. त्यो हाय तवर रोज."

बाळासोनं कानाला हात लावला. "तुज्यासंगं वैर नगं रं बाबा!"

गुंडानं क्रँक जुनाच ठेवला. पिस्टनमधली पिन वर घेऊन दांडा उलट थोडा लांबच केला, म्हणजे तो सरळ चालेल.

आज खिंडीत नानासोनं उतरवलेली माणसं धापा टाकत चालली होती. गुंडानं भरली मोटार ऐन चढावर थांबवली.

"आवं, उतरायचं का आमी?" आतनं शालूबाईनं विचारलं.

"बसा मावशी. हितं कुणी उतरायचं न्हाई."

चालणाऱ्यांना त्यानं आत घेतलं. आत जागा उरली नाही तेव्हा दोघं टपावर चढले. आता मोटार उठली नाही तर सगळा तालुका हसणार होता. त्यानं क्लच सोडला. भाता घुमला, मोटार हबकली आणि चढाला लागली.

माथ्यावर नानासो रिकाम्या मोटारीपाशी उभा होता.

"गुंडा, माजी माणसं उतरव रं!"

"कशाला? माज्या आयसाठी तुमी कुठं थांबला हुतासा?"

नानासोचं तोंड उतरलं. "म्हातारी मागं ऱ्हायली, मला ठावं न्हवतं."

"वळून बघितलं असतंसा तर ठावं झालं असतं. उद्याबी हितंच गाठतो. परवाबी."

कडेगावात माणसं उतरली. मागच्या बाकावर शालूबाईच्या कोंबडीनं घाण केली होती. गुंडानं बादली उचलली आणि आडाची वाट धरली.