पन्नीच्या घरातली कुरतड

पवनारच्या रुख्माबाई उमाटे यांनी भाजीची रोपे प्लास्टिकखाली वाढवायला घेतली, तेव्हा गावात त्याला हरितगृह वगैरे कोणी म्हणाले नाही. इकडे प्लास्टिकच्या कागदाला पन्नी म्हणतात, म्हणून ते पन्नीचे घर झाले. बांबूच्या कमानी, वरून आणि चारी बाजूंनी पांढरी पन्नी, आत मातीचे उंच वाफे. नागपूरच्या एका शेतकी प्रदर्शनात त्यांनी असे घर पाहिले होते. तिथे माहिती सांगणाऱ्या माणसाला त्यांनी इतके प्रश्न विचारले की शेवटी तो म्हणाला, "बाई, आता तुम्हीच उभ्या राहा इथे, मी चहा पिऊन येतो."

प्रश्न विचारणे हा त्यांचा जुना स्वभाव. सासरी आल्या तेव्हा, गाय डाव्या कुशीवरच का बसते, हे त्यांनी सासूला विचारले होते. तेव्हापासून सासूही गायीकडे पाहू लागली, असे घरात सांगतात.

नवरा लक्ष्मणराव सेवाग्रामला दवाखान्यात नोकरीला. सकाळी सायकलने जायचे, संध्याकाळी यायचे. शेती धाकटे दीर रूपराव पाहायचे, आणि शेतातल्या कुठल्या तुकड्यात काय होईल हेही तेच ठरवायचे. पन्नीच्या घराला त्यांनी एका पावसाळ्याची मुदत दिली होती. हे साल १९८२.

आषाढात टाकलेली टमाट्याची रोपे दोन पानांवर आली आणि आडवी पडू लागली. अर्ध्याहून जास्त गेली.

"नाई राह्यत ते पन्नीत," रूपराव म्हणाले. "झाडाले मोकळं पायजे, वैनी. तुमी त्याईले कोंडून राह्यल्या."

"पुन्हा एक खेप टाकतो, भाऊजी," रुख्माबाई म्हणाल्या. इकडे बायकाही 'टाकतो'च म्हणतात.

"टाका. पोळ्यापर्यंत पायतो. वाफे भरलेले दिसले त ठीक, नाई त मी पन्नी उतरवतो. जागा मले पायजे."

श्रावणाच्या सुरुवातीला दुसरी खेप टाकली. बी उगवले आणि चारच दिवसांत पहिले रोप पुन्हा आडवे झाले.

रुख्माबाईंनी ते उचलून उजेडात धरले. रोप कुजून पडते तेव्हा मानेशी मऊ, पाणथळ होते, बोटात धरले की चिघळते. मागच्या खेपेला असेच झाले असेल, असे त्या धरून चालल्या होत्या आणि म्हणून त्यांनी पाणी कमी केले होते. पण हे खोड टणक होते. मानेशी खाच होती, तीही एका बाजूने. म्हणजे रोग नव्हता. कोणी तरी खात होते.

कोण, हे शोधायला त्यांनी आधी माती उकरली. रोपे कुरतडणारी काळी अळी दिवसा पडलेल्या रोपाच्या बुडाशीच मातीत वेटोळे करून बसते, हे त्यांना कोबीच्या वाफ्यावरून माहीत होते. अळी सापडली नाही. रातकिड्यांची बिळे शोधली, तीही नव्हती. उंदीर म्हणावा, तर उंदीर असे एक-एक रोप नुसते पाडून तिथेच सोडून देत नाही.

त्याच आठवड्यात सरोजिनीबाई रोपे पाहायला आल्या. त्या वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत, बोरगाव मेघेला राहत आणि परसात भाजी लावत. रविवारच्या बसने यायच्या. पडलेली रोपे पाहून त्यांनी पदर खोचला.

"रुख्माबाई, हा उडून येतो, मातीतून येतो, की चालत येतो, एवढं आधी ठरवू. काही रोपांभोवती नळी उभी करा. नळी वरून उघडी. उडणारा असेल तर आत शिरेल, मातीतला असेल तरी शिरेल. चालणारा मात्र अडेल."

"नळी कायची?"

सरोजिनीबाईंनी पिशवीतला कागद काढून सुरळी करायला घेतली. रुख्माबाई मात्र उठून कुंपणाजवळच्या पोपईकडे गेल्या. पोपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो. त्याचे बोटभर तुकडे कापून त्यांनी वाफाभर इथे-तिथे रोपांभोवती मातीत रोवले.

रूपराव बैल घेऊन चालले होते. पन्नी बाजूला करून त्यांनी आत पाहिले. "रोपायले बांगड्या भरून राह्यल्या का, वैनी? वटी कधी भरता?"

"भरली की तुमालेच पह्यले बोलावतो."

नळ्यांतली रोपे वाचली. बाहेरची पडतच राहिली. म्हणजे चालणारा प्राणी. मग रुख्माबाईंनी चुलीची राख चाळून प्रत्येक वाफ्याभोवती हाताने सपाट पट्टा काढला. बाहेरून चालत येणारा राखेवर माग ठेवील, हा हिशेब. सकाळी राख जशीच्या तशी होती. आणि वाफ्यात नवी रोपे आडवी होती.

इथे त्या अडल्या. उडत नाही, मातीत नाही, बाहेरून येत नाही. पुढच्या रविवारी सरोजिनीबाईही अडल्या. "असं कसं होईल?" एवढेच म्हणाल्या आणि राखेकडे पाहत बसल्या.

रुख्माबाई राखेकडे पाहत नव्हत्या. त्या पडलेल्या रोपांच्या जागी काड्या रोवत होत्या, कारण कुठे किती पडली हे नुसत्या नजरेने लक्षात राहत नव्हते. काड्या रोवून झाल्यावर त्या मागे सरल्या. वाफ्याच्या पायथ्याशी काड्या विरळ होत्या, उशाकडे दाट. दुसऱ्या वाफ्यातही तसेच. तिसऱ्यातही.

प्रत्येक वाफ्याच्या उशाशी घडी करून ठेवलेले एक पोते होते.

ती उमाट्यांच्या घरची रीत. बी पेरले की वाफ्यावर ओले पोते पांघरायचे, अंकुर दिसले की काढायचे. हे सगळेच करतात. पण रुख्माबाईंच्या सासूचा नियम असा, की ज्या पोत्याखाली बी उगवले ते पोते रोपे उपटून लावणीला देईपर्यंत वाफ्याबाहेर न्यायचे नाही. घडी करून उशाशी ठेवायचे. उघड्या शेतात ते दोन दिवसांत उन्हाने कडक व्हायचे आणि कोणाला त्याचा त्रास नव्हता. पन्नीखाली ते ओलेच राहत होते. राखेचा पट्टाही रुख्माबाईंनी पोत्याला बाहेरून वळसा घालून काढला होता. म्हणजे जो कोणी होता, त्याच्यासकट त्यांनी वाफ्याला कुंपण घातले होते.

त्यांनी घडी उलगडली. आत वाण्यांची दाटी होती. पावसाळ्यात भिंतीवर, उकिरड्यावर चालणारा, असंख्य पायांचा, हात लावला की गोल गुंडाळून पडणारा तो वाणी. त्यांच्यात एक रातकिडाही होता.

"हाच तो," सरोजिनीबाईंनी रातकिड्याकडे बोट दाखवले. "वाणी कुजलेला पालापाचोळा खातो. जिवंत रोपाला तो तोंड लावत नाही."

"माह्या मायनं बी मले हेच सांगतलं होतं," रुख्माबाई म्हणाल्या. "वाणी गरीब जीव. पण पाहू ना बाई. बरण्या आहेत घरी."

लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या धुऊन आल्या. दोन्हींत ओली माती आणि चार-चार रोपे. एकीत रातकिडा, दुसरीत मूठभर वाणी. तोंडाला फडके बांधले. सरोजिनीबाई शेवटच्या बसने गेल्या आणि निकाल न पाहिल्याची चुटपुट लागून दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुन्हा आल्या.

रातकिड्याने एका पानाला भोक पाडले होते. वाण्यांच्या बरणीत चारही रोपे आडवी होती, आणि एक वाणी दिवसाउजेडी पडलेल्या देठावर चढून खात होता. दोघी बराच वेळ काचेला नाक लावून बसल्या.

"कुजकं संपलं की कोवळं," सरोजिनीबाई म्हणाल्या. "बरणीत कुजकं आपण टाकलंच नव्हतं."

"आन् वाफ्यात बी नाई. मी शेणखत चाळून टाकतो, एक काडी राहू देत नाई." रुख्माबाई म्हणाल्या. "म्हंजे लय सफाई केली मी."

उपाय साधा निघाला. पोती वाफ्यांतून निघाली आणि उन्हात दगडावर वाळली. सासू तेव्हा हयात नव्हती, त्यामुळे अडवणारे कोणी नव्हते. एक पोते मात्र रुख्माबाई रोज भिजवून वाफ्यांमधल्या वाटेवर टाकत, खाली थोडा कुजका पाला. सकाळी त्याखाली जमलेले वाणी सुपात घेऊन उकिरड्यावर नेत. मारले का नाही, असे शेजारणीने विचारले. उकिरड्यावर त्यांचे काम चांगले चालते, असे उत्तर मिळाले. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालू लागल्या, म्हणजे दिवस मावळेपर्यंत वाफ्याचा वरचा थर सुकावा. दिवसभर बाजूची पन्नी वर गुंडाळून ठेवू लागल्या.

पडणे थांबले. जी गेली ती गेलीच. तिन्ही वाफ्यांचा उशाकडचा भाग रिकामाच राहिला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी रूपराव विळा घेऊन आले. वाकून एकेक वाफा पाहिला.

"भरलेले म्हटलं होतं मी."

"पाऊण भरले आहेत. आन् एक गोष्ट तुमची खरी होती, भाऊजी. कोंडलं होतं मी त्याईले. बाजूची पन्नी काढून न्या. वरची राहू द्या."

"म्हंजे मी जितलो?"

"अर्धे."

रूपराव हसले नाहीत. विळ्याने सुतळ्या कापत त्यांनी चारी बाजूंची पन्नी उतरवली आणि नीट गुंडाळली. वारा आरपार जाऊ लागला. छताला त्यांनी हात लावला नाही.

"वैनी, वाणीच होता हे कायवरून? मी लहानपणी खिशात घेऊन फिरलो त्याईले. कधी चावला नाई."

"तुमी टमाट्याचं रोप थोडी होते?"

"दाखवा मले."

"उकिरड्यावर आहेत. बरणी घेऊन या, रोप मी देतो."

गुंडाळलेली पन्नी तिथेच टाकून रूपराव बरणी आणायला घरात गेले.