अर्ध्या किमतीचा नवा पलंग

आमच्या घरात त्या काळी एकही वस्तू मोठ्या दुकानातून आणलेली नव्हती आणि मला त्याचा तोरा होता. फळ्या म्हणजे संत्र्याच्या पेट्या, एकीवर एक चार. हंगाम सरला की बाजारात त्या मातीमोलानं मिळायच्या. मी स्वतः खिळे ठोकायची, वर जुन्या लुगड्याच्या काठाची झालर लावायची. लोखंडी पेटीवर गोधडी टाकली की झाली पाहुण्यांची बैठक. शेजारणी विचारायच्या, "कुठून घेतलं वं?" मी म्हणायची, "घेते कोण? डोक्स्यातून काढलं!" भाड्याच्या दोन खोल्या, आमच्या ह्यांची सदरमधल्या एका कचेरीत कारकुनी, पण माझं घर बघून कोणी नाक मुरडलं नाही, सांगून ठेवते.

फक्त पलंग नव्हता. गादी खाली टाकून झोपायचो. त्याचं मला कधी काही वाटलं नाही, तिसऱ्यांदा दिवस जाईपर्यंत.

आधीची दोन पोटातच गेली होती. या खेपेला पाचवा लागला आणि एका सकाळी पुन्हा तोच डाग दिसला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि बोलल्या त्या ह्यांच्याशी, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आजपासून हिनं उठायचं नाही. पलंगावर झोपवा, पायथ्याच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा द्या. टिकलं तर असंच टिकेल."

"पलंग नाही आमच्याकडे," हे म्हणाले.

"मग आणा. आजच."

दिवेलागणीला हे हातगाडीबरोबर आले. पलंग बघून मी गादीवर पडल्या पडल्याच 'माय वं!' म्हटलं. सागवानाचा, नवा कोरा, पांढरीशुभ्र नवार ताणून विणलेली. पायांवर हळदीकुंकवाची बोटं. "इतवारीत जुन्या सामानवाल्याकडे मिळाला," हे म्हणाले. "कोण्या पोरीच्या आंदणातला आहे म्हणे. सासरी जागा नव्हती, विकून टाकला. अर्ध्या किमतीत!" बोलताना हे विटा लावत होते, मान वर करत नव्हते. मला वाटलं, दमले असतील. उलट मी चिडवलं, "भाव पाडणं शिकले वाटते माह्याकडून!"

घासाघीस हा माझा धंदा. नवी वस्तू अर्ध्यात कोणी देत नाही, हे मला कळायला हवं होतं. पण गरजवंताला अक्कल नसते.

दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेले. मी डोकं खाली, पाय वर अशी पडून. छताची कवेलू किती वेळ मोजणार? हात उशाशी चाळा करत होता. नवार जिथं लाकडाला वेढा घेते, त्या फटीत बोटाला काहीतरी कचकचलं. नखानं काढलं, डोळ्यांसमोर धरलं.

काळा तीळ.

मग आणखी एक. मग तीन एकदम. मी उशाजवळची वाटी घेतली आणि एकेक काढून त्यात टाकत गेले. आंदणाच्या पलंगाला हळदीकुंकू लागतं, पण काळे तीळ? काळे तीळ तेरवीला. माणूस गेला की त्याच्या नावानं नवा पलंग, गादी, छत्री, चपला मांडून पूजा करतात आणि दान देतात. घेणारा तरी किती पलंग घरात ठेवील? तो विकून मोकळा होतो. आमच्यात असल्या पलंगावर धडधाकट बाई बसत नाही, पोटुशी तर त्याच्या सावलीलाही उभी राहत नाही. आणि मी त्यावर माझं तिसरं पोर घेऊन झोपले होते.

उठू? उठले तर पोर जाईल, डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या. नाही उठले तर? खरं सांगते, तेवढी भीती मला पुढं आयुष्यात कधी वाटली नाही. पोट दोन्ही हातांनी झाकून, पाठ नवारीला लागू नये म्हणून श्वास आवरून मी पडून राहिले. साडेपाचला दार वाजलं तोवर माझं अंग लाकूड झालं होतं.

"हे तीळ कायचे आहे?" मी वाटी पुढं केली.

हे मटकन पेटीवर बसले.

"तुम्हाले मालूम होतं?"

"दुकानदारानं सांगतलं होतं. म्हणून तर त्या भावात दिला. अवं, महालातली दुकानं पाहिली, सदरमधली पाहिली, दुसरा कुठंच परवडून नाही राहिला. डाक्टरीण तर आजच म्हणे."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर झोपली असती काय तू?"

फुलपात्र हाताशी होतं, मी ते फेकलं. ह्यांच्या कानाजवळून भिंतीवर आदळलं. "एका मेलेल्याचा पलंग आणला, आता माह्या लेकराचीही तेरवी याच्यावरच करजा!" जे बोलू नये ते बोलून गेले. हे रडायला लागले. मग उठले, चाकू आणला आणि पायांवरची हळदीकुंकवाची बोटं खरवडू लागले. कारण भिवापूरला निरोप गेला होता आणि शेवटच्या एसटीनं सासूबाई येणार होत्या.

सासूबाई म्हणजे कावळा शिवला तरी डोक्यावरून पाणी घेणारी बाई. त्यांना कळलं तर त्या मला घटकाभर त्या पलंगावर राहू देणार नाहीत, खाली उतरवतील. आणि खाली उतरले की संपलं. दिवसभर मलाच उतरायचं होतं. आता कोणी उतरवेल म्हणून जीव टांगणीला लागला. बाईच्या मनाचा काही नेम आहे का, तुम्हीच सांगा!

त्या आल्या. मिरच्यांचं बोचकं दाराशी ठेवलं, पाय धुतले, माझ्या कपाळावर हात ठेवला. मग नजर खाली गेली.

"काहून गा बाबू, नव्या पलंगाले चाकू काहून लावला?"

"आंदणाचं कुंकू होतं, आई. डाग दिसे."

"कुंकू कोणी चाकूनं काढते काय?"

हे विटा सारख्या करायला वाकले. मला ते सहन झालं नाही. मी तिळांची वाटी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी वाटी दिव्याजवळ नेली. एक तीळ चिमटीत धरून पाहिला.

"भैताडा," त्या लेकाला म्हणाल्या, पण आवाज चढला नाही. "डाक्टरीण काय म्हणे? उतरवलं तर?"

"उतरवायचंच नाही म्हणे."

"थोडा वेळबी नाही? पाय वर ठेवून?"

त्यांनी झालर ओढून फळीतली एक संत्र्याची पेटी काढली, खाली पसरलेल्या गादीच्या पायथ्याशी ठेवली, वर उशी दाबली. दोघांनी मला चादरीसकट, परातीतला पापड उचलावा तसं उचललं आणि खाली ठेवलं. पाय पेटीवर. मी डोळे मिटून पोटाला म्हणत होते, थांब रे बाप्पा, थांब.

डोळे उघडले तर सासूबाई पलंगावर. आडव्या, नऊवारीचा पदर छातीवर घेतलेला, विटांमुळे डोकं खाली गेलेलं.

"आई! हे काय करून राहिली?" हे ओरडले.

"झोपून राहिली. दिसत नाही काय?" मग छताकडे बघत, जसं काही कोणाला तरी तंबी देत, त्या म्हणाल्या, "याच्यात जे काही असन ते मले लागो. माह्यं झालं सारं करून. आता हा कोण्या मेलेल्याचा पलंग नाही. सासूचा पलंग आहे, सुनेले देऊन राहिली. ज्याले काही म्हणायचं असन त्यानं माह्याशी बोलावं."

भात शिजून उतरेपर्यंत त्या तशाच पडून होत्या. मग उठल्या, नवारीवरून हात फिरवला. "चल गा, चढव तिले."

त्या रात्री मी झोपले. चार महिने त्याच पलंगावर काढले, त्या खाली गादीवर. पोरगी झाली, नऊ महिने भरून, गळा फाडून रडणारी.

पोरगी चार वर्षांची असताना सासूबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं, वयही झालं होतं. चार वर्षांनी कुठं काय लागतं? मी असलं काही मानत नाही. तरी त्या दिवशी त्यांच्या पायाशी बसून मी मनात हजारदा माफी मागितली, हे खोटं कशाला सांगू?

तेरवीसाठी पलंग घ्यायला मी स्वतः गेले. दुकानदारानं सांगितला तो भाव दिला. जन्मात पहिल्यांदा घासाघीस केली नाही. पूजा झाली, तीळ पडले, हळदीकुंकू लागलं. भटजींची जेवणं चालली होती तेव्हा मी ओला पंचा घेऊन मागल्या अंगणात पलंगापाशी बसले. चारही पाय पुसले, चाकू न लावता. मग नवारीच्या फटीत नख घातलं.

हे शोधत आले. "काय करून राहिली वं?"

"हा इतवारीत जाईन," मी म्हटलं. "कोणी तरी अर्ध्या किमतीत नेईन."

हे शेजारी बसले आणि दुसऱ्या बाजूनं तीळ वेचू लागले.