चन्नप्पांची चौकट

चन्नप्पा हत्तुरे आमच्या शेजारी राहतात. अक्कलकोट रोडवरच्या एका चादर कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षं यंत्रमाग चालवला. माणूस सरळ, निर्व्यसनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त त्यांना काही शिकवायची वेळ कुणावर येऊ नये. मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली. असा विद्यार्थी नोकरीत एकदाही भेटला नाही, तो निवृत्तीनंतर भेटला.

गेल्या हिवाळ्यात वाचनालयानं ज्येष्ठांसाठी चित्रकलेचा वर्ग काढला. शिकवायला अंकिता नावाची पंचविशीची मुलगी. मी नाव घातलं आणि माझं बघून चन्नप्पांनी घातलं. शेवटी प्रदर्शन होतं. अंकिताची अट अशी की प्रत्येकानं आपला कॅनव्हास स्वतः ताणायचा, म्हणजे लाकडी चौकटीवर जाड कापड ओढून मागच्या बाजूला बारीक खिळ्यांनी पक्कं करायचं. शनिवारपर्यंत ज्याची चौकट तयार नाही, त्याचं चित्र प्रदर्शनात नाही.

घरी परतताना चन्नप्पा म्हणाले, "बाई, आजवर हजारांनी चादरी काढल्या. सगळ्यांवर लेबल कारखान्याचं. माझं नाव असलेलं एक तरी कापड भिंतीला लागलं पायजे की."

हे ऐकल्यावर माझा व्हरांडा द्यायला नाही म्हणवेना. त्यांच्या घरात चौकट आडवी ठेवायला जागा नव्हती.

अंकितानं नीट सांगितलं होतं. पहिला खिळा एका पट्टीच्या मधोमध. दुसरा बरोबर समोरच्या पट्टीच्या मधोमध. मग उरलेल्या दोन बाजूंना तसंच, आणि मग थोडं थोडं ओढत, समोरासमोर, कोपऱ्यांकडे जायचं. चन्नप्पांनी ऐकलं आणि तिथंच सोडून दिलं.

"पोरगी चांगली हाय," ते म्हणाले. "पण कापड ताणायचं मला शिकवती!"

त्यांनी मागाची रीत धरली. मागावर उभं सूत सगळ्या रुंदीला एकदम ताणलेलं असतं. म्हणून त्यांनी एक अख्खी बाजू या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत खिळ्यांनी भरून काढली. मग समोरच्या पट्टीवर पाय रोवला, पक्कडीत कापड धरलं आणि अंगातला सगळा जोर लावला. उरलेल्या दोन बाजूही तशाच ओढून ठोकल्या. चौकट जमिनीवर ठेवली. तीन कोपरे टेकले, चौथा दोन बोटं वर. तो दाबला की दुसरा वर.

"तुमची फरशी वाकडी हाय, बाई."

"मग टेबलावर ठेवून बघा."

बघितलं.

"टेबलबी वाकडं हाय."

हा सोमवार. मंगळवारी सगळे खिळे उपटून त्यांनी तेच केलं, फक्त जास्त जोरात. मी "मधून, चन्नप्पा, मधून" म्हणत राहिले, ते हातोडी मारत राहिले. माझी दुपारची झोप गेली. बुधवारी त्यांना वेगळाच साक्षात्कार झाला. "सुताला खळ दिल्याबिगर ताण येतो व्हय?" म्हणत त्यांनी मैद्याची खळ शिजवली, तीही माझ्या दुधाच्या पातेल्यात, आणि कापडाला पाजली. संध्याकाळी ते वाळता वाळता असं आवळलं, की काड्‌कन आवाज होऊन चौकटीचा एक सांधाच उघडला.

गुरुवारी सांधा सुताराकडून घट्ट करून आणला आणि पुन्हा तोच प्रकार, कोपऱ्यापासून सुरुवात. मग मात्र माझा तोल गेला. "पहिलीतल्या पोराला कळतं हो! मधून! समोरासमोर!"

हातोडी खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, "बाई, मागावर मधनं कोण सुरुवात करतं?"

मला आणखीच राग आला.

शुक्रवारी दुपारी त्यांच्या पत्नी सावित्रम्मा धुतलेली चादर घेऊन कुंपणापाशी आल्या. चार दिवस त्या तिथूनच तमाशा बघत होत्या.

"अहो, हिकडं या. हे टोक धरा. घडी घालायची हाय."

चन्नप्पांनी रागातच टोक धरलं आणि हिसडा दिला. सावित्रम्मा दोन पावलं पुढे खेचल्या गेल्या.

"बघा! अडतीस वर्षं चादरी विणल्या, घडी एकदाबी घातली न्हाय. समोरचा ओढतो तेवढंच आपण ओढायचं असतंय. तुमचा माग जमिनीत रोवलेला होता, कितीबी ओढा, हलत नव्हता. ह्या चार काड्या हायेत, काड्या! एकीकडनंच ओढल्यावर वाकतील न्हायतर काय?"

चन्नप्पांनी टोक पुन्हा ओढून बघितलं, या खेपेला सावित्रम्मा ओढतील तेवढंच. मग चौकटीपाशी बसले आणि सगळे खिळे उपटले. पहिला खिळा मधोमध मारला. चौकट फिरवली. दुसरा समोर. अंकितानं सांगितलं होतं तेच, आणि मी चार दिवस ओरडत होते तेच! सावित्रम्मांनी पलीकडून चौकट धरली होती. कोपऱ्यांच्या घड्याही त्यांनीच घातल्या, उशीच्या अभ्र्यासारख्या टोकदार. दिवेलागणीला चौकट जमिनीवर ठेवली. चारही कोपरे टेकले.

"फरशी सरळ झाली की, बाई," चन्नप्पा म्हणाले.

प्रदर्शन दोन आठवड्यांनी झालं. चित्रात माग होता, पण चाकांमुळे तो बैलगाडीसारखा दिसत होता. त्याचं मला काही नाही. पण मी बघते तर चौकट उलटी टांगलेली, पाठ लोकांकडे. मी ती सरळ केली. पाणी पिऊन येते तर परत उलटी. असं चार वेळा झालं.

"चन्नप्पा, लोक चित्र बघायला आलेत!"

"चादर घेणारा काय करतो, बाई? आधी उलटून बघतो. पुढनं कायबी झाकता येतंय."

पाचव्यांदा सरळ करायला गेले, तेव्हा समोर सावित्रम्मा उभ्या होत्या. मागच्या बाजूच्या खालच्या पट्टीवर, चादरीला लेबल शिवतात त्या जागी, काळ्या रंगात नाव होतं: चन्नप्पा हत्तुरे. त्याखाली जरा दाटीवाटीनं: सावित्रम्मा. त्या बोट ठेवून अक्षर अक्षर लावत होत्या.

"माझं कशाला घातलं हो?"

"कोपरे कुणाचे हायेत?"

तेवढ्यात अंकिता धावत आली. "बाई, काकांचं चित्र उलटं लागलंय!"

"लागू दे," मी म्हटलं.