बाबांचा हायपो

मंडळी, दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

बाबांच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आज डोंबिवलीतल्या लॅबमधून आणला. बाबा सातवी शिकलेले, एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेले. रिक्षात त्यांच्या शेजारी बसून मी रिपोर्ट उघडला. लिव्हरपाशी लिहिलेलं, ‘हायपोएकोइक’. मी घाईघाईने रिपोर्ट मिटला. बाबांना म्हटलं, "सगळं नॉर्मल आहे." आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना असंच सांगतात ना?

घरी येऊन जर्मनीतल्या दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, इकडच्या रिपोर्टांतही हाच ग्रीक शब्द असतो, हायपो. सोमवारी ठाण्याच्या डॉक्टरांना दाखव. बाबांना काही बोलू नकोस."

फोन ठेवून वळले तर बाबा दारात.

"हायपो म्हणजे कमी," ते शांतपणे म्हणाले. "रिक्षात मीही वाचलं. कंपनीत केमिकलच्या ड्रमांवर हायपो लिहिलेलं असायचं, ड्रम चुकू नयेत म्हणून साहेबांनी अर्थ घोकून घेतलेला. आणि टू-डी एको माझाच काढलेला की, आवाज आपटून परत येतो तो. म्हणजे लिव्हरमध्ये एका जागेवरून आवाज कमी परततोय. तिथे काहीतरी आहे."

"मग रिक्षात गप्प का बसलात?"

"तू केवढी घाबरलेलीस. म्हटलं, मला कळलं नाही असंच वाटू दे तुला."

मग हळूच म्हणाले, "आईला मात्र नॉर्मलच सांगायचं हां."

सोमवार अजून तीन दिवस लांब आहे. आई आत्ताच विचारून गेली, "दोघांचे चेहरे असे का गं?"

तुम्ही काय सांगितलं असतं?