अडखळलं तिथं थांबायचं

मूर्तिजापूरला गाडी थांबली आणि शकील चढला नाही. अकोल्याहून निघताना मी नेहमीसारखा खिडकीजवळ त्याच्यासाठी रुमाल टाकून ठेवला होता. फोन लावला, तो त्याच्या भावानं उचलला. "मॅडम, भाई गेला… छातीत दुखून राहिलं म्हणे, अन् बसला तो उठलाच नाई." अमरावतीपर्यंत त्या रुमालावर मी कुणालाही बसू दिलं नाही. भांडले चक्क.

आम्ही दोघं विद्यापीठात पहिल्या वर्षाला लेखन शिकवायचो. विषय सक्तीचा, त्यामुळे हॉल गच्च. आणि वर्षाअखेरी सगळ्यांचे निबंध एकाच गाईडमधून उतरवलेले. शकीलनं तो विषयच मोडून नव्यानं मांडला. दर आठवड्याला मुलांनी एक पान लिहायचं, त्याचा फोटो ॲपवर पाठवायचा, मग तेच पान मोठ्यानं वाचून आवाजही पाठवायचा. आम्हीही शेरा बोलूनच द्यायचा. मी फणकारले, "मशीन लिहायला शिकवणार होय?" तर म्हणाला, "मशीन काय शिकोते मॅडम! थे फक्त पोरायची रांग सांभायते. आयकाचं काम आपल्यालेच हाय."

ते ऐकणं गाडीतच चालायचं. एकदा चांदूर रेल्वेची एक मुलगी 'आई म्हणजे वात्सल्याची मूर्ती' वाचताना अडखळली. शकीलनं इअरफोनचं एक टोक माझ्या कानात दिलं. "आयका, इथं थांबली पोरगी. आता खरं लिवीन बरं थे!" पुढच्या आठवड्यात तिनं लिहिलं होतं, कापूस वेचून चिरलेल्या बोटांना मीठ झोंबलं की आई माझ्यावरच खेकसते. शकील असा हसला, की समोर बसलेले आजोबाही उगाच हसले… ते हसणं आठवलं की मला रडू आवरत नाही.

पान पाठवलं की ॲपमधून सगळ्यांना अजूनही त्यानं भरून ठेवलेला आवाज येतो, "आलं बरं तुमचं पान. आता मोठ्यानं वाचा. जिथं अडखयसान, तिथं थांबा." नव्या मुलांसाठी तो काढून माझा आवाज घालायचा आहे. विभागाचं म्हणणं रास्तच आहे. पण मी माइकसमोर बसते आणि तशीच उठते. तो आवाज पुसला की शकील खरंच जाईल, आणि ते माझ्या हातून व्हायला नको आहे.

काल इथवर लिहून झालं आणि हात सवयीनं ॲपकडेच गेला. पान पाठवलं.

"आलं बरं तुमचं पान…" तो म्हणाला.

मी मोठ्यानं वाचायला घेतलं. मूर्तिजापूरला गाडी थांबली आणि… पुढे वाचवेना.