वायरमन येणार म्हणून

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, धुराजवळ फिरकायचंसुद्धा नाही. आणि वडिवळ्याच्या आमच्या घरी अंघोळीचा बंब तर रोज पहाटे तीच पेटवणार! मी लोणावळ्याहून तडक इन्स्टंट गिझर घेऊन माहेरी पोचले. घराच्या विजेला तो पेलवेल का, हे बघायला आधी वायरमन बोलावला.

पाहुणा येणार म्हणून आईने घर आवरलं. तिच्या आवरण्यात टीव्ही, फ्रिज, पंखे सगळं बंद करून वायरी गुंडाळून ठेवणंही आलं. वायरमनने मीटरमधून निघणाऱ्या वायरीला त्याचं वीज मोजायचं चिमट्यासारखं यंत्र लावलं. आकडा जेमतेम हलला. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, छाती फुगली. "बगा, हाय का न्हाई दम आमच्या घरात?"

मला संशय आला. फ्रिज उघडला तर आत अंधार.

"आगं, मानूस तपासाया आलाय, त्याच्यापुडं पसारा कशाला?" आई म्हणाली.

मी कपाळावर हात मारला आणि घरभर प्लग खोचत, बटणं दाबत सुटले. फ्रिज, इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर, गोठ्यातलं कडबाकुट्टीचं मशीनसुद्धा. दिवे पिवळे पडले, पंखा रेंगाळायला लागला.

"ताई, पुरं करा," वायरमन ओरडला. "ह्यात गिझर लावला तर वायर जळंल. जाड वायर टाका, वडगावला लाइटीच्या हापिसात लोड वाढवायचा अर्ज द्या, मंग लावू."

"द्यू की सवडीनं," आबा म्हणाले. "बंब हायेच."

आबांची सवड मला चांगली ठाऊक आहे. गोठ्याचं मोडकं दार तिचीच वाट बघत लटकलंय. माझं डोकंच फिरलं.

"मग उद्यापासून तो तुम्ही पेटवायचा," मी म्हणाले, आणि तिथेच मुक्काम ठोकला.

सकाळी आबा बंबापुढे उकिडवे बसले. जळण ओलं निघालं. काड्यांची पेटी संपत आली तेव्हा कुठे जाळ धरला, पण त्याआधी सगळं परसदार धुराने भरलं. खोकत, डोळे चोळत ते पडवीत आले.

"लय धूर होतो गं ह्येचा! इतकी वर्सं कदी बोलली न्हाईस?"

आई काळा चष्मा लावून निवांत चहा पीत होती.

"तुमी उटायचा तवर पानी तापल्यालं असायचं," ती म्हणाली.

आबा अंघोळ न करताच वडगावला निघाले.