अंजनीमावशीचा मुराळी

माझ्या अंजनीमावशीला मूलबाळ नव्हतं, तरी हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, तिच्या नेपियर टाउनातल्या घरी कधीही जा, चारदोन लेकी माहेरपणाला आलेल्या असायच्याच. नागपूर ही आमच्या प्रांताची राजधानी होती आणि तांगा हेच आमचं वाहन होतं, तेव्हाची ही गोष्ट.

पहिली लेक मावशीला भाजीबाजारात सापडली. फुटलेला ओठ पदराने झाकून ती वांग्यांचा भाव करत होती. मावशीने विचारलं, "माहेर कुठलं गं तुझं?" ती म्हणाली, "कोणी नाही उरलं." "मग आजपासून मी," असं म्हणून मावशी तिला वांग्यांसकट घरी घेऊन आली. हा सगळा कारभार तिथून सुरू झाला. चौकीवर गेलं तर शिपाई "घर का मामला है, अम्मा जी" म्हणून परत पाठवायचे. मावशी विधवा, तिला हळदीकुंकवाला कोणी बोलवत नव्हतं. पण माहेर व्हायला विधवा चालते, हे तिने बरोबर हेरलं होतं.

आमच्यात लेकीला सासरहून आणायला भाऊ जातो. तो मुराळी. नवरा कितीही तापट असो, सासू कितीही खाष्ट असो, दारी आलेल्या मुराळ्याला एकट्यालाच परत पाठवणारं घर आमच्या लोकांत शोधून सापडायचं नाही. चार लोकांत तोंड दाखवायचं असतं ना. बायकोवर हात उगारताना ही लाज कुठे जाते, मला कधी कळलं नाही. मावशी म्हणायची, "आहे तेवढी तरी वापरून घ्यावी." खरं तर मुराळी सणावारीच जायचा, पण मावशीच्या पंचांगात रोजच सण होता.

तिच्या अंगणात लेकी पापड लाटायच्या, शेवया करायच्या, आणि त्यावर घर चालायचं. राहायचं किती दिवस, ते जिचं तिने ठरवायचं. न्यायला नवऱ्यानेच यायचं, आणि तोही असा तसा नाही. ओसरीवर पाट मांडून त्याला जावयासारखं जेवू घालायचे, आणि तो जेवत असताना समोर बसलेल्या बायका विचारायच्या, "जावईबापू, कशाने मारलं? काहून मारलं?" भले भले पुरुष ताटातल्या मिठाकडे बघत बसायचे. काही लेकी परत गेल्या आणि सुखाने नांदल्या, कारण मुराळी पुन्हा केव्हाही येईल हे घरात माहीत होतं. काही गेल्याच नाहीत.

मुराळी म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ बाबाराव. ब्रह्मचारी, पोट सुटलेलं, डोक्यावर लाल फेटा आणि डोळे अधू. चष्म्याने मुराळी कारकुनासारखा दिसतो म्हणून तो चष्मा लावत नसे. त्याने एकच वाक्य घोकून ठेवलं होतं: "ताई, तुला माहेरी न्यायला आलो, आई वाट पाहून राहिली, लुगडं बदल, तांगा उभा आहे." दार उघडलं, डोळ्यांवर पदर दिसला, की एका दमात तेवढं म्हणून टाकायचं.

एके दिवशी नंदाच्या शेजारणीने सांगावा आणला. नंदा आईबापांविना वाढलेली, नवरा अच्युत कचेरीत कारकून. त्याची बदली तिथून जवळच्या पाटणला झाली होती आणि दुसऱ्याच दिवशी तो बायकोला घेऊन निघणार होता. घर गावाबाहेर, शेतात घेतलं होतं. "तिथं ओरडलीस तरी कोणी येणार नाही," असं त्याने स्वतःच तिला बजावलं होतं. इथे निदान भिंतीला भिंत लागून होती. नंदा यायला तयार होती, पण तिची सासू सगुणाबाई दार सोडत नव्हती. सगुणाबाईच्या तोंडाला अख्खी गल्ली भीत असे.

मावशीने दुपारी, अच्युत कचेरीत असताना, बाबारावला धाडलं. पुढचं मी त्याच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मला पाठ आहे.

दार सगुणाबाईने उघडलं. परका पुरुष पाहून तिने डोळ्यांपर्यंत पदर ओढला. बाबारावला पदर दिसला, काटकुळी बाई दिसली, आणि त्याने आपलं वाक्य म्हणून टाकलं.

बाईने दार आणखी थोडं उघडलं. मग तिने हळूच विचारलं, "कोणाले न्यायले आले?"

"तुलाच की, ताई. आणखी कोणाला?"

सगुणाबाई उंबऱ्यावरच बसली. नवव्या वर्षी लग्न होऊन ती वर्ध्याकडून इथे आली. दर सणाला तिने वाटेकडे डोळे लावले, पण तिच्यासाठी एकदाही मुराळी आला नाही. तिचा नवराही मारायचाच. अच्युतच्या हातातली वेताची छडी बापाचीच होती. पदर तोंडात धरून ती रडायला लागली, तेव्हा आईने लेकीला समजवावं तशा आवाजात आतून कोणीतरी म्हणालं, "आत्याबाई, पाणी घ्या." ती नंदा होती, काखेत गाठोडं घेऊन उभी.

आपण काय घोळ घातलाय ते बाबारावच्या आत्ता ध्यानात आलं. पण तो माणूस खाण्याइतकाच मायेतही पक्का होता. चूक झाली असं तो म्हणाला नाही. "तांग्यात जागा आहे," एवढंच म्हणाला.

सगुणाबाईने डोळे पुसले, रीत म्हणून मुराळ्याच्या हातावर गूळ ठेवला आणि सुनेला म्हणाली, "माझं दुसरं लुगडं काढ." मग तिने स्वतःच्या हाताने दाराला कुलूप लावलं.

मावशीने तांग्यातून सासू उतरताना पाहिली आणि भावाला बाजूला ओढलं. "लेक आणायला सांगितली होती, सासू काहून आणलीस?"

"एकीसाठी गेलो, दोघी निघाल्या. मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीपाजारी विचारून पत्ता काढत अच्युत तणतणत आला. रीतीप्रमाणे पाट मांडला गेला. वाढायला आली ती सगुणाबाई.

"आई, तू इथं काय करून राहिली?"

"माहेरी आली मी."

"आणि पाटणचं? गाडी भरून उभी आहे."

मावशीने शांतपणे विचारलं, "नंदा, जायचं का तुला?"

नंदा खांबाला धरून उभी होती. "नाही," ती म्हणाली. नवऱ्यासमोर हा शब्द तिने पहिल्यांदाच उच्चारला होता.

अच्युत ताटावरून उठला, त्याचा हात वर गेला. सगुणाबाई भाताची परात घेऊन मध्ये उभी राहिली. "बस खाली. तुझा बाप मले मारे, तवा तू दाराआड रडत होता. ते रडणं कुठं गेलं तुझं?"

अच्युत बसला नाही, पण हात खाली आला. अर्धं ताट टाकून तो निघून गेला आणि पाटणला एकटाच राहिला. पुढे तो सुधारला की नाही मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याची फिकीरही नाही. नंदाच्या शेवया मात्र इतक्या बारीक निघायच्या की पाटणच्या व्यापाऱ्यांकडून त्यांना मागणी येई. तिचं हसू त्याहून छान होतं. ते मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर बाबारावच्या तांग्यात सगुणाबाई बसू लागली. दारात सासू आडवी आली की ती भांडायची नाही. आधी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसायची आणि विचारायची, "बाई, तुमाले अखेरचं कोण न्यायले आलं होतं?" पुष्कळदा तांगा दोघींना घेऊन परत यायचा. मावशीला आणखी दोन खोल्या बांधून घ्याव्या लागल्या.

बाबारावला अगदीच दिसेनासं झालं, तेव्हा माझ्या वडिलांनी त्याला चांगला चष्मा करून आणला. मावशीने तो काढून घेतला आणि कपाटात ठेवून दिला.

"तुला नीट दिसायला लागलं," ती म्हणाली, "तर सासवांना कोण आणणार?"